तुडतुडा, ट्राऊट आणि रानकोंबड्याचं पीस

'जॅसिड' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो यवतमाळ जिल्ह्यात, आमच्या कपाशीच्या धुऱ्यावर. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. कृषी सहायक एक पान उलटं करून बाबांना दाखवत होते. पानाची कड आधी पिवळी, मग लाल होऊन खाली वळली होती. ते म्हणाले, "जॅसिड आहे." बाबा म्हणाले, "म्हणजे तुडतुडे." इंग्रजी नाव कळल्यानं किडीत काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी फवारणी झाली.

पुढे मी कीटकशास्त्रच शिकले, पीएचडी केली ती कपाशीवरच्या रसशोषक किडींवर. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ही माझी माणसं, असं मी मैत्रिणींना गमतीनं सांगते. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात पोस्टडॉकला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, एका चर्चच्या तळघरात, सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान गळावर बांधलेली एक काळी चकती माझ्या तळहातावर ठेवली आणि "हा जॅसिड" असं म्हटलं, तेव्हा मी चमकलेच. आमच्याकडे ज्याला मारण्यासाठी पिढ्यान् पिढ्या पैसे गेले, त्याची हुबेहूब प्रतिकृती करायला ही माणसं डोळ्यांना भिंग लावून तासन् तास बसली होती!

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या चकतीचं पीस भारतातलं होतं. रानकोंबड्याचं.

हा लेख त्या चकतीबद्दल आहे. मासेमारीत तुम्हाला रस नसला तरी हरकत नाही, मलाही नव्हता.

आधी थोडी ओळख. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, नाहीतर कणकेची गोळी. मासा खायला येतो आणि अडकतो. 'फ्लाय फिशिंग'मध्ये खायला काहीच नसतं. गळावर दोरा, पिसं आणि केस बांधून कीटकाचा आभास निर्माण करायचा, आणि तो जड दोरीच्या झोकानं पाण्यावर अलगद उतरवायचा. या कृत्रिम कीटकाला 'फ्लाय' म्हणतात. मराठीत सरळ 'माशी' म्हणू. माशाला माशी, हे लक्षात ठेवायलाही सोपं. ज्या माशासाठी हा सगळा खटाटोप, तो ट्राऊट थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात राहतो. महाराष्ट्रात तो नाही. ब्रिटिशांनी १९०० च्या सुमारास तो काश्मिरात नेला, निलगिरीतही नेला, पण आपल्या नद्या त्याला गरम पडतात.

माशी बांधण्याची कला जुनी असली, तरी अमेरिकेतली तिची गोष्ट सुरू होते ती एका पत्रापासून. १९व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड हे या विषयातलं सर्वात मोठं नाव होतं. हॅम्पशायरमधल्या टेस्ट नदीवर तो मासे धरायचा. तिथलं पाणी चुनखडीच्या खडकांतून झिरपून येतं, त्यामुळे संथ, काचेसारखं. अशा पाण्यावर तरंगणाऱ्या माश्या कशा बांधाव्यात, यावर त्याचं पुस्तक १८८६ मध्ये आलं. न्यूयॉर्क राज्यातल्या थिओडोर गॉर्डन नावाच्या एका किडकिडीत, आजारी माणसानं त्याला पत्र लिहिलं. २२ फेब्रुवारी १८९० या तारखेचं हॅलफर्डचं उत्तर आलं, आणि सोबत त्याच्या माश्यांचे नमुने.

गॉर्डन त्या नमुन्यांच्या नकला करत बसला असता, तर गोष्ट तिथंच संपली असती. त्यानं तसं केलं नाही. तो कॅट्सकिल डोंगरातल्या नेव्हरसिंक नदीवर जायचा. ही नदी दगडगोट्यांवरून धावणारी, फेसाळ. इंग्लंडच्या संथ पाण्यासाठी बांधलेली माशी इथं दोन हात जात नाही तोच भिजून बुडते. शिवाय इथले कीटकही वेगळे. मग गॉर्डननं आपल्या नदीवर उडणारे कीटक धरून पाहिले. अंगासाठी मोराच्या पिसाचा सोललेला दांडा घेतला. त्यावर गडद-फिके पट्टे आपोआप दिसतात, जसे मेफ्लायच्या पोटावर असतात. आणि माशी तरंगत राहावी म्हणून कोंबड्याच्या मानेची ताठ, चकचकीत पिसं गळाभोवती गुंडाळली. ती 'क्विल गॉर्डन' आजही विकली जाते. १९१५ मध्ये गॉर्डन वारला, आणि तो जिथं राहायचा त्या खोऱ्याचा एक भाग पुढे न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या धरणात गेला. विस्थापनाची ही कथा आपल्याला नवी नाही. कोयनेकाठच्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

इथं एक प्रश्न पडतो. गॉर्डनच्या आधीही अमेरिकेत लोक माशी बांधत होतेच की! मेरी ऑर्व्हिस मार्बरीनं १८९२ मध्ये छापलेल्या ग्रंथात तर लाल-पिवळ्या, भडक माश्यांची पानंच्या पानं रंगीत चित्रं आहेत. मग एवढा अभ्यास करण्याची वेळ गॉर्डनवरच का आली?

याचं उत्तर माशात आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातला मूळचा 'ब्रूक ट्राऊट' भाबडा, लाल चिंधीवरही झेपावणारा. त्याला अगदी गार पाणी लागतं. १९व्या शतकात कॅट्सकिलमधली हेमलॉकची झाडं कातडी कमावण्याच्या कारखान्यांसाठी तोडली गेली, कारण त्यांच्या सालीत टॅनिन असतं. सावली गेली, ओढे तापले, घाण झाले, आणि ब्रूक ट्राऊट मागे हटला. १८८३ मध्ये जर्मनीतून 'ब्राउन ट्राऊट'ची सुमारे ८० हजार अंडी जहाजानं न्यूयॉर्कला आली. हा पाहुणा थोडं गरम पाणी सोसतो. पण तो संशयी आहे. शेकडो वर्षं युरोपात माणसाच्या शेजारी राहिल्याचा परिणाम म्हणा. समोरून काय वाहत येतंय ते तो पाहून घेतो, आणि जे त्या आठवड्यात त्या पाण्यावर खरंच असतं तेच बहुधा खातो. त्याला फसवायचं तर माणसाला स्थानिक कीटक शिकावेच लागले. म्हणजे पाहा, अमेरिकन माणसाला स्वतःच्या ओढ्याकडे नीट बघायला लावलं ते एका जर्मन माशानं.

आता आपल्या चकतीकडे येऊ. त्यासाठी पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी जावं लागेल. मी राहते तिथून गाडीनं दीडेक तासावर. गावातून लेटॉर्ट नावाचा एक ओढा वाहतो. १८व्या शतकातल्या जेम्स लेटॉर्ट या फ्रेंच वंशाच्या व्यापाऱ्याचं नाव त्याला पडलंय. याच ओढ्याजवळच्या लष्करी छावणीत १८७९ ते १९१८ या काळात कार्लाइल इंडियन स्कूल चालली. इथल्या मूळ जमातींची मुलं दूरदूरहून आणून, केस कापून, स्वतःची भाषा बोलायला बंदी करून त्यांना 'सुसंस्कृत' केलं जाई. 'स्थानिक' या शब्दावर मी पुढे बोलणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. या काठावर तो शब्द जपून वापरावा लागतो.

लेटॉर्ट हा दगडगोट्यांचा ओढा नाही. तो चुनखडीतल्या झऱ्यांतून उगवतो, हॅलफर्डच्या टेस्ट नदीसारखा. पाणी उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात कोमट वाटावं इतकं एकसारखं, बारा अंश सेल्सियसच्या आसपास. प्रवाह संथ, तळाशी शेवाळ आणि पाणवनस्पतींचे पुंजके, दोन्ही बाजूंना कुरणं. गॉर्डनची ताठ पिसांची माशी इथं अगदीच ढोबळ दिसते. मासे हवे तितका वेळ तिच्याकडे बघतात आणि तोंड फिरवतात.

१९४०च्या दशकात दोन मित्र या ओढ्यावर डोकं खाजवत बसायचे. एक व्हिन्सेंट मारिनारो, व्यवसायानं वकील. दुसरा चार्ल्स फॉक्स, त्याचं घर आणि कुरण लेटॉर्टच्या काठाला. त्यांचं कोडं असं होतं. भर उन्हाळ्यात पाण्यावर एकही मेफ्लाय दिसत नसताना मोठमोठे ट्राऊट दिवसभर नाकाचा शेंडा वर काढून काहीतरी टिपत राहायचे. पाण्यावर उमटणारं वर्तुळ इतकं बारीक, की पावसाचा थेंब पडल्यासारखं. ते खातात तरी काय?

मारिनारोनं जे केलं ते मला फार आवडतं. तो काठावर पालथा झोपला. पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत डोळे नेले, आणि नुसता बघत राहिला. मग बारीक जाळी प्रवाहात धरली. जाळीत सापडल्या मुंग्या, इवलेसे भुंगेरे आणि तुडतुडे. यातलं काहीच पाण्यात जन्मलेलं नव्हतं. कुरणातल्या गवतावरून वाऱ्यानं किंवा उडी चुकल्यानं ते पाण्यात पडले होते, आणि पृष्ठभागाला असे चिकटले होते की उभ्या माणसाला दिसूच नयेत. म्हणजे शतकानुशतकं माशीवाले ज्या कीटकांचा अभ्यास करत होते ते ओढ्यातले. इथला मासा मात्र शेजारच्या शेतातून जेवत होता.

कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथं हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. 'तुडतुडा' हे नाव किती नेमकं आहे! हात लावायला गेलं की तो तुडकन उडतो, तिरका धावतो. जो इतका उड्या मारतो तो कधीतरी पाण्यात पडणारच. पण मी हजारो तुडतुडे मोजले, प्रति पान किती, फवारणीच्या आधी किती, नंतर किती. ते आणखी कोणाचं अन्न आहेत हा प्रश्न माझ्या प्रबंधात एका परिच्छेदापुरता आला.

तुडतुड्याची माशी बांधायची कशी, ही पुढची अडचण. तुडतुडा तीन-चार मिलिमीटरचा. एवढ्या जागेत पाय, पोट, पंख असं सगळं बांधायला गेलं तर नुसता दोऱ्याचा गोळा होतो. मारिनारोनं विचार केला तो माशाच्या बाजूनं. मासा खालून बघतो. त्याला कीटकाची उंची, जाडी कळत नाही. आकाशाच्या उजेडावर दिसते ती फक्त एक अपारदर्शक आकृती, तिची लांबी आणि रुंदी. मग जाडी हवी कशाला? बारीक काळं पीस गळाभोवती गुंडाळायचं, वरून-खालून कात्रीनं छाटून टाकायचं, म्हणजे बाजूचे तंतू पायांसारखे पाण्यावर टेकतात. आणि वर एकच गोल, चपटं, कडक पीस आडवं बांधायचं. झाला जॅसिड. १९५० मध्ये त्याचं 'अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड' हे पुस्तक आलं. आज ते या विषयातलं अभिजात पुस्तक मानतात.

एक सांगायला हवं. 'जॅसिड' हे नाव आता शास्त्रात मागे पडलंय, या कुळाला आम्ही सिकॅडेलिडी म्हणतो. जुनं नाव टिकलंय ते दोनच ठिकाणी: भारतातल्या कपाशीच्या शेतात आणि अमेरिकेतल्या माशीच्या डबीत.

आणि ते गोल, चपटं, कडक पीस? ते राखी रानकोंबड्याच्या मानेचं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी हा पक्षी पाहिला नसला तरी ऐकला असेल. पहाटे गावठी कोंबड्यासारखंच आरवतो, पण बांग तुटक, मध्येच गिळल्यासारखी. या नराच्या मानेच्या पिसांचं एक वैशिष्ट्य आहे. पिसाचा दांडा टोकाशी पसरून त्याची लाखेसारखी चकचकीत, पिवळसर-पांढरी टिकली होते. माशी बांधणारे तिला 'नख' म्हणतात, कुणी 'डोळा'. पावसाळ्यात नर ही झालर टाकून देतो आणि काही महिने साधासुधा होऊन वावरतो. जगात हा पक्षी फक्त भारतात आहे, आणि तोही बहुतांश द्वीपकल्पात.

व्हिक्टोरियन इंग्लंडनं ही पिसं साल्मन माशांच्या चमकदार माश्यांना लावली. साम्राज्यातून जे जे सुंदर मिळेल ते त्या माश्यांवर बांधलं जायचं, पेरूचं, मलायाचं, आपलं. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारनंच रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं बाहेर पाठवण्यावर बंदी घातली होती, पण रानकोंबड्याच्या अख्ख्या माना त्यानंतरही अनेक दशकं परदेशी दुकानांत मिळत राहिल्या. एक मान म्हणजे एक मेलेला पक्षी. १९६०च्या दशकाच्या शेवटी हा व्यापार आवळला गेला आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार गुन्हा झाली. आज बाजारात मिळणारी पिसं प्रामुख्यानं इंग्लंडमध्ये पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची असतात, आणि महाग असतात.

पिसाचा मोह साधा नसतो. २००९ मध्ये एका तरुण अमेरिकन बासरीवादकानं इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली होती, साल्मनच्या माश्या बांधणाऱ्यांना विकण्यासाठी. त्यातली काही आल्फ्रेड रसेल वॉलेसनं स्वतः गोळा केलेली होती.

मी तळघरातल्या त्या आजोबांना विचारलं, बंदी आल्यावर तुम्ही काय केलंत? ते हसले. म्हणाले, सगळे दोन वर्षं रडले. मग कुणी बदकाचं काळं पीस लाखेत बुडवून चकतीसारखं कापलं, कुणी प्लास्टिक वापरलं. मासे पूर्वीसारखेच लागले. कारण उघड आहे. ती सुंदर पिवळी टिकली वरच्या बाजूला असते. ती माणसाला दिसते. खाली असलेल्या माशाला दिसतो फक्त काळा ठिपका. शंभर वर्षं मासा ज्याच्याकडे बघतही नव्हता, त्या डोळ्यासाठी सह्याद्रीतले आणि निलगिरीतले कोंबडे मेले.

आता 'स्थानिक' या शब्दाकडे. मारिनारोचा जॅसिड ही लेटॉर्टची अस्सल स्थानिक माशी. ती ज्या माशासाठी बांधली तो जर्मनीहून आला. त्या माशाचं उन्हाळ्यातलं आवडतं खाणं म्हणजे जपानी भुंगेरा, तो १९१६ मध्ये शेजारच्या न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडला आणि इथं पसरला. ओढ्यात माजलेला वॉटरक्रेस युरोपातला. पीस आपल्याकडचं. मग यात स्थानिक काय? माझ्या मते एकच गोष्ट, पालथं पडून बघणं. आलेल्या वस्तू कुठल्याही असोत, त्या इथं, या पाण्यात, या महिन्यात कशा वागतात हे कुणीतरी जमिनीला पोट लावून पाहिलं. परदेशात राहणारी आपण माणसं 'इथले' कधी होणार यावर खूप बोलतो. मला वाटतं, त्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर पासपोर्टात नाही, अशा बघण्यात आहे.

पण ही गोष्ट इतकी गोडही नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लेटॉर्टच्या वरच्या भागात वॉटरक्रेसच्या शेतीत वापरलेलं कीटकनाशक ओढ्यात उतरलं आणि मासे मेले. कीड मारायला गेलेलं औषध पाण्याबरोबर खाली गेलं, इतकंच. हे वाचलं तेव्हा मला २०१७चा हंगाम आठवला. कपाशी डोक्याएवढी वाढली होती. बीटी वाण बोंडअळीसाठी, तुडतुड्यांवर त्याचा काही इलाज नाही, म्हणून फवारणी चालूच. माणसं त्या दाट झाडोऱ्यात पंप पाठीवर घेऊन, तोंडाला फार तर रुमाल बांधून फवारत होती. आमच्या जिल्ह्यात त्या काही आठवड्यांत विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. आमच्या गावातला एक जण आठ दिवस दवाखान्यात होता, नंतर बरेच दिवस त्याला धूसर दिसायचं. मी तेव्हा प्रयोगशाळेत तुडतुड्यांची औषधांना येणारी प्रतिकारशक्ती मोजत होते. माझे आलेख चांगले येत होते.

मारिनारो आणि माझ्यात फरक असा, की त्याला तुडतुडा हवा होता आणि मला नको. त्यामुळे तो आधी प्रश्न विचारत होता, हा इथं का आहे, कोण खातं, कधी पडतो? आम्ही विचारत होतो, किती मिली? आमच्या प्रश्नालाही पोटापाण्याचं कारण होतं, हे मी नाकारत नाही. कर्ज काढून कपाशी लावलेल्या माणसाला पालथं पडून बघायला वेळ नसतो. पण बघणं हे ज्यांचं काम होतं, त्या आम्ही तरी बघायला हवं होतं. आता माझ्या कामाचा विषय मी बदललाय. कोळी, लेडीबर्ड, क्रायसोपा असे तुडतुड्यांना खाणारे जीव शेतात टिकतात कसे, हे मी पाहते.

गेल्या ऑगस्टमध्ये मी लेटॉर्टवर गेले होते. मासे धरायला नाही. आईची जुनी मलमलची ओढणी दोन काड्यांना बांधून पाण्यात धरली आणि काठावर पालथी झाले. वीस मिनिटांत चार मुंग्या, एक भुंगेरा आणि एक हिरवा तुडतुडा आला. फोटो काढून बाबांना पाठवला, खाली लिहिलं, "तुडतुडे इथंही आहेत." त्यांचं उत्तर आलं, "मग फवारलं का नाही?"

मी त्यांना फोन लावला. माशाची, चकतीची, कोंबड्याची सगळी गोष्ट सांगितली. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "आपल्या नाल्यात लहानपणी मासे होते. वर उडून काहीतरी खायचे. आम्ही कधी बघितलं नाही काय खातात ते."

आजोबांनी मला बंदीच्या आधीचं एक जुनं पीस देऊ केलं होतं. मी घेतलं नाही. माझ्या डबीतले जॅसिड बदकाच्या पिसाचे आहेत. येत्या दिवाळीत घरी जाईन तेव्हा तीच ओढणी घेऊन नाल्यावर जायचं ठरलंय. बाबा म्हणाले, पाणी असलं तर मीही येतो.